तात्यांचा सूर मी सरळ केला

गाणं करायला त्याची थिअरी लागते का, असं मला जो तो विचारतो. कॉम्प्युटरवर नव्यानं गाणी बनवायला लागलेली पोरं तर हटकून. "लागत नाही" एवढंच ऐकायला त्यांचे कान टवकारलेले असतात. माझं टाळकंच सरकतं. लागते. का लागते ते सांगताना आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आटपाडीकडच्या आमच्या गावात माझे चुलते, तात्या, बिरोबाच्या यात्रेत ओव्या म्हणायचे. एक हात कानावर, पुढं ढोल, मागं झील धरणारे, त्यांची ओळ उचलून म्हणणारे सात-आठ जण. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेलो. सारेगमच्या पुढं काही येत नव्हतं, पण बीट झकास बसवायचो. खोलीत चारी बाजूंनी गाद्या उभ्या केल्या, तात्यांना मधे बसवलं आणि त्यांची ओवी रेकॉर्ड केली. ओवीखाली पेटीचे सूर भरायला गेलो तर काही केल्या जुळेना. एक सूर सारखा दोन पट्ट्यांच्या मधे पडायचा.

मिरजेला गाण्याची पदवी घेतलेला एक ओळखीचा होता, त्याच्याकडं गेलो. त्यानं अर्धा मिनिट ऐकलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "गंधार उतरतोय. म्हातारा बेसुरा आहे. सरळ करून टाक." भिंतीवर त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं. मी मान डोलावली. राग त्याचा येतोच, पण माझा जास्त येतो. जो आवाज ऐकत मी लहानाचा मोठा झालो तो बेसुरा कसा, एवढं विचारायची माझी छाती झाली नाही. कारण गंधार म्हणजे सारेगममधला ग, एवढंही मला धड माहीत नव्हतं. न शिकलेल्याला कुणीही असं गप्प बसवतं.

घरी आलो आणि सॉफ्टवेअरनं तो सूर जिथं जिथं आला तिथं तिथं उचलून पट्टीवर बसवला. गाणं लय चाललं. गावातल्या प्रत्येक मोबाईलवर तेच. तात्यांनी ऐकलं आणि नुसतं म्हणाले, "चांगलं हाय."

पुढं मी मिरजेतच एका बाईंकडं शिकायला लागलो. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी तंबोरा लावून गाऊन दाखवलं. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधेही सूर असतात. तात्यांचं मूळ रेकॉर्डिंग ऐकून म्हणाल्या, "हा माणूस दर वेळी नेमका त्याच जागी येतोय. चुकणारा असा येत नसतो." माझं डोकं भणाणलं. दोन महिन्यांचं शिक्षण. तेवढं आधी असतं तर त्या दीडशहाण्याला तिथल्या तिथं ऐकवलं असतं.

तोवर यात्रा आली. तात्या उभे राहिले. मागं झील धरायला या वेळी तरणी पोरं होती, माझं गाणं ऐकून पाठ केलेली. तात्या स्वतःच्या सुरावर गेले, पोरं मी सरळ केलेल्या. दोनदा असं झालं. मग मागनं एक जण बोलला, "तात्या, सूर घसरतोय." तात्यांनी कानावरचा हात काढला, ओवी तिथंच सोडली आणि खाली बसले.

मी शेजारी जाऊन बसलो. चूक माझी होती, तुमची न्हाई, म्हणून सगळं समजावलं. पेटी, तंबोरा, बाई काय म्हणाल्या ते.

"आसंल रं," ते म्हणाले. "पर पाच-सा म्हैनं झालं, मी तुझ्या गाण्यासंगं म्हणून बघतूय. जमंना. कसं म्हणायचं तेवढं दाव की मला."