काजळताईंची काळी रबरी चादर

काजळताईंचं खरं नाव कारखान्यात फार थोड्यांना ठाऊक होतं. दारा-खिडक्यांच्या फटींना लावायच्या रबरी पट्ट्या तिथे बनत. रबरात काळी पूड मिसळायचं काम त्यांच्याकडे असल्यामुळे हात कितीही धुतले तरी नखांच्या कडेला काळी रेघ उरायचीच. कुणीतरी गमतीत काजळताई म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. घरी फोन आला की सासूबाई विचारायच्या, "कोण हवंय? आमची सून की तुमची काजळताई?"

पुढे कारखान्याने मागच्या शेडमध्ये छोटा प्रयोग विभाग काढला आणि तिथे रसायनशास्त्राचे एक सर नेमले. मोबाईलच्या, रडारच्या, मायक्रोवेव्हच्या लहरी पिऊन टाकेल असं पातळ रबर त्यांना तयार करायचं होतं. मदतीला रोलरवरचे जुने मिस्त्री आणि काजळताई मिळाल्या.

इथली पूड नेहमीची नव्हती. केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्या, आणि जोडीला लोखंडाच्या ऑक्साइडचे तितकेच सूक्ष्म कण. ही पूड उडून श्वासात जाऊ नये म्हणून ती काचेच्या बंद पेटीत, पेटीलाच जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून, आधी द्रवात कालवावी लागे.

"इतकं जपून मी पोरीलासुद्धा कधी न्हाऊ घातलं नाही," काजळताई म्हणायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "सर, यात शिरलेली लहर पुढे जाते कुठे?"

"कुठेच नाही. या नळ्यांत आणि कणांत गुरफटते, तिची थोडीशी ऊब होते आणि ती संपते."

"बरं आहे. आमच्या घरातलं भांडण असं संपत नाही."

सर मनापासून हसले. पुढच्या दोन वर्षांत काजळताई खूप काही शिकल्या आणि कामाला जाताना त्यांची पावलं भरभर पडू लागली.

मग तो दिवस आला. सकाळपासून त्यांना गरगरत होतं. जेवण गेलं नाही म्हणून होत असेल, असं म्हणत त्या रोलरपाशी उभ्या होत्या. दोन जाड लोखंडी रोलरांमधून काळं रबर सरकत होतं. अचानक डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या पुढे झुकल्या. मिस्त्रींनी एका हाताने आणीबाणीचा दांडा खेचला, दुसऱ्या हाताने त्यांच्या कामाच्या कोटाची कॉलर धरून मागे ओढलं. यंत्र थांबलं तेव्हा त्यांची बोटं रोलरपासून वीतभर दूर होती.

हॉस्पिटलमध्ये समजलं की हृदयाचे ठोके मधूनच रेंगाळतात, कधी थांबतातच. पेसमेकर बसवावा लागला. नवरा बसडेपोत मेकॅनिक. तो पलंगाशी बसून म्हणाला, "अगं, गाडीला नवीन बॅटरी टाकली असं समज."

घरी जाण्याआधी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. मोबाईल पेसमेकरच्या बाजूला ठेवायचा नाही, घरातली उपकरणं चालतील. "आणि काम कुठे करता?"

काजळताईंनी सांगितलं. शेडला लागूनच रबर तापवायची मायक्रोवेव्हची मोठी भट्टी आहे. पट्ट्या एका तोंडाने आत जातात, दुसऱ्या तोंडाने बाहेर येतात. त्या तोंडांतून थोड्या लहरी बाहेर पडतात, पण नियमात बसतील इतक्याच.

"बाकीच्यांसाठी तो नियम ठीक आहे. तुमच्या जागेवर नेमकं किती येतं ते कुणी मोजून मला कळवेपर्यंत तिकडे फिरकू नका."



मॅनेजर भले गृहस्थ. त्यांनी लगेच पॅकिंग विभागात बसायचं काम दिलं. तो विभाग रस्त्यापलीकडच्या इमारतीत होता. काजळताई पट्ट्यांच्या गुंडाळ्या खोक्यांत भरू लागल्या. जीव वाचला, काम टिकलं, याचं मोल त्या जाणून होत्या. तरी दुपारी खिडकीतून मागच्या शेडचं छप्पर दिसलं की हात थांबायचे. पॅकिंगमधल्या बायका त्यांच्यापुढचं खोकं मुकाट्याने आपल्याकडे ओढून घेत.

एकदा सर भेटायला आले. काजळताईंनी भट्टीची अडचण सांगितली, तसे ते कपाळावर हात मारून म्हणाले, "आपण लहरी पिणारी चादर कुठल्या कुठल्या गिऱ्हाइकांसाठी करतोय, आणि घरच्या भट्टीचं तोंड उघडंच!"

मॅनेजरांची परवानगी मिळाली आणि कामाला जोर आला. काजळताईंना तिथे जाता येत नव्हतं, म्हणून मिस्त्री रोज जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमध्ये येऊन हालहवाल सांगत. पहिली चादर भट्टीच्या एका तोंडाला लावून पाहिली, तिने निराशा केली. भरपूर पूड घातली तर जास्त लहरी शोषल्या जातील, असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. लहरी चादरीवर आपटून परत फिरल्या आणि भट्टीच्या दुसऱ्या तोंडाची गळती वाढली.

"सर म्हणतात, पाहुण्याला दारातच अडवलं तर तो आल्या पावली जाणार," मिस्त्रींनी सांगितलं. "आधी आत घ्यायचं, मग बसवून ठेवायचं. म्हणून आता वरचा थर कमी पुडीचा, मधला जरा जास्त, खालचा अगदी भरगच्च."

"मग तिन्ही थर एकमेकांना धरतात का?"

"सुटतात. तुमची जागा रिकामी आहे ना, माझ्या नाकी नऊ आलेत."

काजळताईंना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

थर धरायला बराच काळ गेला. एक चादर तापून वास मारू लागली, एकीला भेगा पडल्या. शेवटी एक जमली. भट्टीच्या दोन्ही तोंडांना आतून ती लावली, आणि मोजणी करणाऱ्या कंपनीच्या एक बाई आपलं मीटर घेऊन आल्या. त्यांनी भट्टी पूर्ण जोरात चालवून तोंडांपाशी, रोलरपाशी, काजळताईंच्या स्टुलाच्या जागी, अगदी छातीच्या उंचीवर मोजलं. काजळताई रस्त्यापलीकडे होत्या. इकडे घरी सासूबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

स्टुलाच्या जागी मीटरवर नाव घेण्याजोगं काही आलंच नाही. डॉक्टरीणबाईंनी ते आकडे पेसमेकर बनवणाऱ्यांकडून तपासून घेतले. मग एक अट घातली: भट्टीभोवती जमिनीवर पिवळी रेघ आखायची आणि काजळताईंनी ती ओलांडायची नाही. बाकी शेडमध्ये खुशाल काम करावं.

त्या परत आल्या तेव्हा काचेची पेटी कुणीतरी लख्ख पुसून ठेवली होती. त्या आधी मिस्त्रींपाशी गेल्या. "त्या दिवशी तुम्ही नसता तर..."

"दांडा ओढला, त्यात काय मोठंसं? तुमची कॉलर फाटली, तिचे पैसे मात्र माझ्याकडे लागले."

"फाटली नाही. फक्त बटण गेलं," काजळताई म्हणाल्या आणि रडू लागल्या. मिस्त्री बावरून सरांकडे पाहू लागले. सर चहा आणायला पळाले.

आता तशाच चादरी दुसऱ्या कारखान्यांतल्या भट्ट्यांनाही लागतात आणि काजळताई नव्या मुलींना थर बसवायला शिकवतात. पण त्यांचं आणखी एक काम आहे. पेसमेकर बसवलेलं कुणी फारच घाबरलं, तर डॉक्टरीणबाई काजळताईंना हॉस्पिटलमध्ये बोलावून घेतात. मागच्या महिन्यात एक वेल्डर होता. भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"माझं काम गेलंच समजा," तो म्हणाला.

"मी काय सांगणार? तुमचं वेल्डिंगचं यंत्र वेगळं, आमची भट्टी वेगळी," काजळताई म्हणाल्या. "पण न विचारता घरी बसू नका. मोजायला लावा. मी समजत होते मी एकटीच आहे, आणि माझ्यासाठी अख्खी शेड खपत होती. कामावर तुमचं कोण आहे?"

तो कुशीवर वळून म्हणाला, "आमचा फोरमन आहे. तोंडाने फार वाईट."

"कालपासून बाहेर बाकावर एक माणूस बसलाय म्हणे आणि नर्सशी सारखा भांडतोय. तोच का?"

वेल्डर पहिल्यांदाच हसला, आणि काजळताई फोरमनला आत बोलवायला उठल्या.