सातव्या पट्टीची खरखर

इंग्लंडमधल्या गूल गावात डेनिस थॅकरेला लोक ओळखतात ते बसमुळे. ती हाउडनची बस चालवते आणि कोणी धावत येताना दिसलं की थांबते. ती एकेकाळी ‘स्लो फेरीज’ या बँडमध्ये बास गिटार वाजवायची, हे मात्र बंदराजवळच्या दोन-तीन पबांना माहीत, आणि जगात कुठेकुठे पसरलेल्या शे-दोनशे वेड्यांना. एकोणनव्वद साली त्या बँडची एकच तबकडी निघाली. ती ज्यांच्याकडे आहे, ते घराला आग लागली तर आधी तीच उचलतील.

शाळेला तिने सोळाव्या वर्षीच रामराम ठोकला. बाप गोदीत क्रेन चालवायचा, आणि ती कोंबड्या साफ करायच्या कारखान्यात लागली. गल्लीतला गार्थ आउथ्वेट गायचा. आवाज असा की घशात ओली घोंगडी अडकलीये, पण ऐकणारा जागचा हलायचा नाही. त्याला गावोगाव जायला गाडी हवी होती. डेनिसच्या मामाची मासळीची व्हॅन होती आणि चालवायला डेनिस होती. म्हणजे खरं सांगायचं तर बँडमध्ये आधी व्हॅन आली आणि मग डेनिस. बास वाजवायला कोणीच नव्हतं म्हणून ती शिकली.

तिची बास सेकंडहँड. एकदा व्हॅनचं मागचं दार उघडं राहिलं आणि बास हायवेवर पडली. तिच्या दांडीवर सूर धरायला ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यातली सातवी वाकली ती वाकलीच. तिथे बोट ठेवलं की सूर खरखरायचा, डब्यात माशी अडकल्यासारखा. दुरुस्त का करत नाहीस म्हणून लोक विचारायचे. डेनिस म्हणायची, माझी आहे, अशीच बोलते.

तबकडीवर ‘ओहोटी’ नावाचं गाणं होतं. त्याची बासची चाल डेनिसने बसवलेली. गाणं संपताना सगळी वाद्यं थांबतात आणि बासचा एकच सूर खरखरत, लांबत, विरत जातो. वेडे लोक त्या एका सुरासाठी जीव टाकतात. मधल्या भागात खरखर नाही. डेनिसला वाटायचं, स्टुडिओवाल्याने साफ केली असेल, शेवटी मुद्दाम ठेवली असेल. बाप गेला तेव्हा त्याला पोचवताना हेच गाणं लावलं होतं. शवपेटीवर हात ठेवून ती म्हणाली होती, घे बाबा, ही मी.

बँड वर्षभरात फुटला. भांडण नाही, काही नाही, ड्रमवाला नील ऑस्ट्रेलियाला गेला आणि बाकीच्यांना पोट होतं. गार्थने तळलेले मासे आणि बटाट्याच्या चिप्सचं दुकान टाकलं.

पंचवीस वर्षांनी लंडनच्या एका छोट्या कंपनीला ती तबकडी पुन्हा काढायची होती. मूळ टेप गार्थच्या माळ्यावर सापडली. इतकी जुनी टेप तशीच लावली तर तिचा लेप चिकटतो आणि सोलून निघतो, म्हणून ती आधी मंद आचेवर वाळवावी लागते. जवळच्या हल शहरात रूथ नावाची बाई हे काम करते, तेही सफरचंदाच्या चकत्या वाळवायच्या यंत्रात. टेप वाळली तशी रूथने डेनिस आणि गार्थला ऐकायला बोलावलं. गार्थ म्हणाला, शुक्रवारी दुकान बंद ठेवता येत नाही, तू जा. डेनिसला तेव्हा काही वाटलं नाही. शुक्रवारी अख्खं गूल मासे खातं.

रूथने आधी अख्खं गाणं लावलं. मग एकेक वाद्य वेगळं करून दाखवायला लागली, नुसते ड्रम, नुसती गिटार. डेनिस खुशीत होती, पाय हलवत होती. मग रूथ म्हणाली, आता फक्त तू, आणि एक बटण सोडून बाकी सगळी बंद केली.

डेनिसचा पाय थांबला.

चाल तिचीच होती. पण सातव्या पट्टीवर सूर कोरा करकरीत वाजला. पुन्हा आला, पुन्हा कोरा. आणि प्रत्येक सूर ठोक्यावर, कणभरही मागे नाही. डेनिस नेहमी जराशी मागून यायची, नील त्यावरून शिव्या घालायचा.

“खरखर काढता येते का गं?” तिने विचारलं.

“अशी नाही येत,” रूथ म्हणाली. “का?”

“माझी बास इतकी शहाणी कधीच नव्हती.”

गाणं शेवटाला आलं. खट्ट असा बारीक आवाज झाला आणि शेवटचा सूर खरखरला. डब्यातली माशी. रूथने विचारलं, पुन्हा लावू का? डेनिस उठून उभी राहिली. शवपेटीवर ठेवलेला हात तिला आठवला आणि तो हात कुठे ठेवावा हे कळेना.

परतीच्या वाटेवर तिने गाडी रेडिओ न लावता चालवली. गार्थच्या दुकानात रांग होती. रांग मोडून ती थेट काउंटरशी गेली.

“बास कोणी वाजवलीये, गार्थ?”

गार्थच्या हातातला झारा तेलावरच थांबला. रांगेतली म्हातारी म्हणाली की माझ्या चिप्स करपतायत. त्याने चिप्स काढल्या, मसाला भुरभुरला, पुडा बांधून दिला, मग मागच्या खोलीत आला.

“मी,” तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. रेकॉर्डिंग संपलं त्या रविवारी डेनिस आणि नील मामाची व्हॅन परत करायला गेले होते. त्याच वेळी तबकडी काढणारा माणूस लीड्सहून आला, टेप ऐकली आणि म्हणाला, बास मागे पडतेय, पोरगी बदला, नाहीतर तबकडी नाही. टेपवर आठच ट्रॅक, म्हणजे आवाज भरायच्या आठच जागा, आणि एकही रिकामी नव्हती. डेनिसची बास पुसून तिच्या जागी गार्थने स्टुडिओतली बास वाजवली. चाल त्याला पाठ होतीच.

“पुसलीस?”

“दुसरी जागाच नव्हती, डेन. ‘ओहोटी’च्या शेवटी स्टुडिओवाल्याने रेकॉर्डिंगच्या बटणावरचं बोट लवकर उचललं. शेवटचा सूर तुझा राहिला. तो म्हणाला पुन्हा करू. मी म्हटलं, राहू दे.”

“मला सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर तू बँड सोडून गेली असतीस.”

“गेलेच असते.”

“म्हणूनच.”

डेनिस बटाट्याच्या पोत्यावर बसली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. त्याला हाणावंसंही वाटलं, पण हात उठेना. ज्या माणसाने तिला पुसलं, त्याच माणसाने तिला ठेवलं होतं. हे दोन्ही एकाच संध्याकाळी कसं झालं, हे तिच्या डोक्यात मावत नव्हतं.

खिशातला फोन वाजला. रूथ होती. कव्हरवर नावं छापायला द्यायची होती, पूर्वीसारखीच देऊ ना?

फोनमधलं ऐकून गार्थने होकाराची मान हलवली. हळूच म्हणाला, नाव तुझंच राहू दे, कोणाला कळतंय.

“नको,” डेनिस म्हणाली. “बाबाला एकदा खोटं सांगून झालंय, तेवढं पुरे.” मग फोनमध्ये म्हणाली, “लिहून घे, रूथ. बास, गार्थ आउथ्वेट. शेवटचा सूर, डेनिस थॅकरे.”

“लोक हसतील, डेन,” गार्थ म्हणाला.

“हसू देत.” ती उठली. “आणि माझ्या चिप्सवर मसाला जास्त टाक. जिवावर आल्यासारखा भुरभुरतोस.”

तो टाकायला गेला. निम्मा मसाला काउंटरवर सांडला.