वाचून दाखवला, बरोबर आहे

शहाद्याच्या कचेरीसमोर एक जुना कडुनिंब होता. त्याखाली पोत्यावर बसून अर्ज लिहिणारे चार-पाच जण असत. बाकीचे अर्ज लिहीत, वर वाळू टाकून शाई टिपत, कागद अर्जदाराच्या हाती देत आणि पुढच्याला बोलावत. उखाआप्पांचं तसं नव्हतं. अर्ज लिहून झाला की ते चष्म्याचा दोरा कानामागे नीट अडकवत आणि सगळा मजकूर अर्जदाराला अहिराणीत वाचून दाखवत. मग कागद मांडीवर ठेवून विचारत, "हाई तुन्हंच शे ना?" हे तुझंच आहे ना? समोरचा "व्हय, मन्हंच शे" म्हणाला, तरच शेवटी ओळ पडे: वाचून दाखवला, बरोबर आहे. मग अंगठा. या वाचनापायी त्यांच्यापुढची रांग कायम सगळ्यांत लांब असायची आणि उन्हात ताटकळणारे लोक कुरकुरत असत, पण उठून दुसऱ्याकडे कोणी जात नसे.

आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? मलाही तसंच वाटायचं. मी पुण्याला शेतकी शिकत होतो, तपकिरी बूट घालत होतो, आणि व्हर्नाक्युलर फायनल झालेला, बोरूनं लिहिणारा माणूस माझ्या लेखी मागच्या जमान्यातला होता. एकदा सुट्टीत वडिलांबरोबर कचेरीत गेलो, तेव्हा आप्पांसमोर सातपुड्यातला एक पावरा आदिवासी बसला होता. जंगलात कोणी शिपायानं त्याची कुऱ्हाड काढून घेतली होती. आप्पांनी अर्ज लिहिला आणि मोडक्यातोडक्या पावरीत वाचून दाखवला. तो माणूस जागचा हलेना. नाही नाही म्हणत मान हलवत राहिला. शेवटी कळलं ते असं, की आप्पांनी 'कुऱ्हाड हरवली' असं लिहिलं होतं, आणि त्याची कुऱ्हाड हरवली नव्हती, नेली होती. शिपायाचं नाव कशाला मध्ये आणा, म्हणून आप्पांनीच जरा मऊ लिहिलं होतं. त्यांनी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. "त्यानं खरं शे," एवढंच ते माझ्या वडिलांना म्हणाले. पंधरा दिवसांनी कुऱ्हाड परत मिळाली, असं पुढं कानावर आलं.

दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमाराची गोष्ट. कॉलेजात एक नोटीस लागली. अमेरिकेच्या कोरड्या मुलखातल्या एका विद्यापीठाचे दोन विद्यार्थी इकडं येणार होते आणि आमच्याकडचे दोघे दोन वर्षं तिकडं शिकायला जाणार होते. सगळा खर्च त्यांचा. अख्ख्या इलाख्यातून दोन जागा. नोटीस वाचली आणि माझी भूकच गेली. नाही मिळालं तर पुढं काय, ते मला दिसत होतं: कुठल्या तरी कचेरीत कारकुनी, नाहीतर परत प्रकाशाला, आमच्या गावी, वडिलांच्या म्हणजे आबांच्या औतामागं. औताची लाज नव्हती, पण मला त्या काळ्या मातीच्या पोटात काय चाललंय ते शिकायचं होतं. आणि ते शिकवणारे लोक तिकडं होते.

वसतिगृहातल्या एका हुशार सोबत्यानं मला अर्जाचा मसुदा करून दिला. काय त्याचं इंग्रजी, वा. मी तो शाईनं उतरवून काढला आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो, कारण खाली पालकाची संमती लागत होती. आबांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. "आप्पाले दखाड. त्यानी व्हय सांगं, ते मी अंगठा देसू."

मी चिडलो. आप्पांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, ते काय बघणार? पण आबांपुढं माझं चालायचं नाही. दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी नुकतीच उरकली होती, बैल मोकळे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली आणि बापलेक शहाद्याला आलो.

रांगेत दीड तास बसवलं आप्पांनी. कॉलेजचा म्हणून पुढं घेतलं नाही. नंबर आल्यावर कागद हातात घेतला, अक्षर कसं आहे ते चष्म्यातून पाहिलं आणि माझ्याकडं दिला. "माले इंग्रजी समजत नही. आपली बोलीमा सांग."

मी सांगायला लागलो. पहिल्याच ओळीत माझी जीभ अडली. इंग्रजीत इतकं भारदस्त वाटणारं ते वाक्य अहिराणीत काही येईना. कसंबसं सांगितलं, की मी अज्ञानाच्या अंधारात बुडालेल्या मुलखातला एक गरीब पोरगा आहे, आमच्या लोकांना शेतीतलं काही कळत नाही, तुमच्या कृपेचा एक किरण पडला तर आमचा उद्धार होईल. मागं रांगेत बसलेले शेतकरी कान देऊन ऐकत होते. मग म्हसावदचा एक म्हातारा आबांना म्हणाला, "काय रे, तुले शेती कयत नही का?" आणि सगळे हसले. आबा हसले नाहीत. ते खाली जमिनीकडं बघत राहिले. माझे कान तापले. आजही ते आठवलं की तापतात.

आप्पांनी हाताच्या इशाऱ्यानं सगळ्यांना गप्प केलं. "मुद्दानं सांग. तू तठे जाशी. मंग तठलं कोनी आठे येस का नही?"

"येतीन ना. त्यासना दोन आठे येतीन, आपला दोन तठे जातीन."

"म्हंजे साटंलोटं शे." आप्पांनी बोरू कानावर खोचला. "आपुन आपली पोर देतस, त्यासनी पोर लेतस. साटंलोटामा कोनी भीक मांगस का? आनि तू काय लिखी ऱ्हायना? मन्ही पोरले सयपाक येत नही, भाकर येत नही, दया करा आनि लई जा. असं सांगीसन कोन पोर देस रे?"

पुन्हा हशा झाला, पण या वेळी आबाही हसले. नोटीस मी पन्नास वेळा वाचली होती. ती अदलाबदल आहे, म्हणजे आपल्यालाही काही द्यायचंय, हे माझ्या, माझ्या हुशार सोबत्याच्या, कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सरकारात कागद द्यायचा म्हणजे हात जोडायचे, एवढंच आम्हाला ठाऊक.

"तो गोरा पोऱ्या आठे ईसन काय शिकी?" आप्पा म्हणाले. "ते लिख."

मी आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "मी काय शिकाडसू त्याले? माले सही करता येत नही."

"सही ऱ्हाऊ दे. पेरनीपासीन पीक काढापावत पानीना थेंब नही, तरी तुन्ही दादर मानूसभर कसी व्हस?"

"जमीनमा वल ऱ्हास ना."

"ती वल तुले कसी समजस?"

आबांनी मूठ वळली. हातात माती नव्हती, तरी असल्यासारखी दाबली. आप्पांना, मला आणि रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट ते पहिल्यांदा कुणाला तरी शिकवल्यासारखी सांगू लागले. मुठीत दाबली की मातीचा गोळा झाला पाहिजे. तो कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. खाली चिकटला तर थांबायचं, ओल जास्त आहे. मुठीतच भुगा झाला तर उशीर झाला. पडून दोन-चार तुकडे झाले, की पेरायला तिफण जोडायची. मग किती खोल पेरायचं, वखर कितीदा फिरवायचा म्हणजे वरची माती मोकळी राहते आणि खालची ओल उडत नाही, हे निघालं. म्हसावदच्या म्हाताऱ्यानं दोन ठिकाणी आबांना दुरुस्त केलं. आप्पा मध्ये मध्ये मला दटावत होते, "लिख, लिख."

तीन दिवस मी आणि आबा त्या निंबाखाली जात होतो. मी इंग्रजीत चार ओळी लिहायच्या आणि आप्पांना अहिराणीत सांगायच्या. जिथं मी अडखळे, तिथं ते बोट ठेवत. "हाई तुन्हं नही. काढ." आणि खरंच, ते वाक्य कुठल्या तरी पुस्तकातलं निघायचं. कसं ओळखत होते, कोण जाणे. तिसऱ्या दिवशी कागद एका पानाचा उरला. त्यात आमच्याकडं काय आहे ते होतं, आम्हाला काय कळत नाही ते होतं, म्हणजे ती ओल मातीत का टिकते आणि कशी, आणि ते शिकायला मला यायचंय, एवढं होतं. दया, कृपा, किरण काही नव्हतं.

"हाई तुन्हंच शे ना?"

"व्हय आप्पा. मन्हंच शे."

त्यांनी आबांकडं पाहिलं. आबांनी अंगठा पुढं केला. आप्पांनी त्याला शाई लावली, ठसा उमटवून घेतला आणि कागद वर धरला. "जिंदगीभर मी हात जोडाना अर्ज लिखात," ते म्हणाले. "ह्या अर्जमा हात जोडाना नहीत." मला तेव्हा त्यांच्या पायांना हात लावावासा वाटला आणि बूट घातलेल्या मला ते जमलं नाही.

मुलाखतीला मुंबईला बोलावलं. टेबलापलीकडं तिघे होते, त्यातला एक अमेरिकन प्राध्यापक, उंच, लालबुंद. माझा कागद त्याच्यासमोर होता आणि त्यात दोन ठिकाणी पेन्सिलीच्या रेघा होत्या. त्यानं बाकी काही विचारलं नाही. म्हणाला, तो गोळा करून दाखव. आता मुंबईत माती कुठली? तो उठला, आम्ही सगळे त्याच्यामागून व्हरांड्यात गेलो. तिथं फुलझाडांच्या कुंड्या होत्या. मी एका कुंडीतली माती मुठीत दाबली आणि सोडली. माळ्यानं नुकतंच पाणी घातलं असावं. गोळा फरशीवर पचकन बसला तो बसलाच. तिघेही माझ्या तोंडाकडं पाहायला लागले. मी म्हणालो, "अजून पेरायचं नाही. आठ दिवस थांबा." अमेरिकन इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यानं स्वतः खाली वाकून दुसऱ्या कुंडीतली माती घेतली. त्याचा भुगा झाला. मी म्हणालो, "साहेब, तुम्हाला उशीर झाला." अर्ध्या तासानं व्हरांडा पार घाण करून आम्ही आत आलो.

अर्जावर मी पत्ता आप्पांचा दिला होता, कारण शहाद्याला टपाल रोज यायचं. निकालाचं पाकीट त्यांच्या हाती पडलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील, समोर रांग होती. आप्पा उठले. इतक्या वर्षांत कचेरी चालू असताना ते पोत्यावरून उठलेले कोणी पाहिले नव्हते. बोरू, दौत शेजाऱ्याच्या हवाली केली आणि प्रकाशाच्या वाटेला लागले. चार कोस चालत आले, उन्हाचे. मी सुट्टीत घरी आलो होतो, खळ्यावर होतो. पाकीट बंदच होतं. मी म्हटलं, आप्पा, फोडून कोणाकडून वाचून तरी घ्यायचं. ते म्हणाले, "दुसरानं पाकीट मी फोडत नही. वाच. आपली बोलीमा."

मी वाचलं. दोन नावांत पहिलं माझं होतं. आबांना वाटलं, मी काही तरी चुकीचं सांगतोय. आप्पांनी तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा वाचताना मी रडत होतो, आबा रडत होते, आणि आप्पा पाणी पीत होते, तांब्या तोंडाला लावून, बराच वेळ. मग मी बूट काढले आणि त्यांच्या पाया पडलो.

निघालो तेव्हा तापीच्या काठावर सगळं गाव होतं. नावेनं पलीकडं जाऊन गाडीनं नंदुरबार स्टेशन गाठायचं होतं. आप्पा नावेजवळ आले. "कोठला शे विचारं, ते पहिले प्रकाशा सांगजो. मुंबई मागून."

आबांची पत्रं आप्पाच लिहीत. आबा सांगत, ते लिहीत, आणि खाली ती ओळ असे: वाचून दाखवला, बरोबर आहे. एका पत्रात होतं की तिकडचा गोरा पोरगा आमच्याकडं आलाय, बाजरीची भाकरी खातो, आणि आबांनी त्याला ओलीच्या परीक्षेत तीनदा नापास केलंय. मी ते पत्र विद्यापीठात सगळ्यांना इंग्रजीत सांगत हिंडलो. दुसऱ्या वर्षी एक पत्र आलं, अक्षर शाळेतल्या मास्तरांचं. बैल, पाऊस, सगळं ठीक होतं. मी आधी शेवट पाहिला. ती ओळ नव्हती. मग मधला मजकूर वाचायची गरज उरली नाही, तरी वाचला. आप्पा लिहिता लिहिता निंबाला टेकले होते, पुन्हा उठले नाहीत.

दोन वर्षांनी परत आलो. काळ्या मातीतल्या ओलीवरचा माझा प्रबंध पास झाला होता, छापला होता, जाड पुठ्ठ्याचा. घरी न थांबता मी आबांना घेऊन शहाद्याला गेलो. निंबाखाली आप्पांच्या जागेवर दुसरा कोणी बसला होता. आम्ही जरा बाजूला बसलो आणि मी पहिल्या पानापासून अहिराणीत सांगायला लागलो. कचेरीला आलेले लोक जमले. आबांचा गोळा का फुटतो आणि का चिकटतो, वखरानं ओल का टिकते, हे सगळं त्यात आकड्यांनी मांडलेलं होतं, आणि आबांचं नाव पहिल्याच पानावर होतं. दोन ठिकाणी मी अडखळलो, तिथं मीच थांबलो आणि पुन्हा नीट सांगितलं. दुपार झाली. शेवटचं पान झालं. आबांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं, मांडीवर ठेवलं.

"हाई तुन्हंच शे ना?"

"व्हय आबा. मन्हंच शे."

आबांनी मान डोलावली आणि शेजारच्या अर्जनवीसाची दौत पुढं ओढली. "मंग अंगठा कोठे देऊ?"

ती प्रत माझ्याकडं आहे. शेवटच्या पानावर त्यांचा अंगठा आहे, शाई आता तपकिरी झालीय. त्याखाली मी त्याच बैठकीत, त्याच दौतीतून लिहिलं: वाचून दाखवला, बरोबर आहे.