वाढ्याची पेंडी

माझं माहेर उचगावचं. तिथं शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तरी आई विचारायची, "आज पावणं कोण हाय?" तो गुण माझ्यात पुरता उतरलाय. म्हणून गावानं ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामापुरती शाळा काढली आणि मला शिकवायला बोलावलं, तेव्हा सासरच्या गावाचा हा उमाळा काही मला पचेना. दूध संस्थेनं पत्र्याची खोली दिली. का दिली असेल? तरुण मंडळानं गणपतीतली सतरंजी दिली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यासोबतचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकले, तेव्हा कुठं मला बरं वाटलं. संशय खरा ठरला होता.

आक्कांनी मात्र ना काही दिलं होतं, ना काही मिरवलं होतं, आणि तेच मला खुपत होतं. शाळेला लागून त्यांचा गोठा. चार म्हशी, एकटा जीव आणि तोंड फटकळ. सगळं गाव त्यांना आक्काच म्हणायचं.

माझ्याकडं बीडकडची दहा वर्षांची एक मुलगी यायची. आई-बाप पहाटे उसाच्या फडात गेले की धाकटा भाऊ तिच्या कडेवर. सुरुवातीला ती दारातूनच फळा बघायची आणि बाळ रडलं की निघून जायची. मग एक दिवस ती एकटीच आली, पुढं रोज यायला लागली, आणि महिनाभरात जोडाक्षरांपर्यंत पोचली. मी माझीच पाठ थोपटून घेतली. बाळ कुठं ठेवतेस, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

एकदा सकाळी मी जरा लवकर गेले. ती मुलगी डोक्यावर वाढ्याची पेंडी घेऊन आक्कांच्या गोठ्यात शिरत होती. वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, म्हशींची आवडती वैरण. तिच्यामागं वर्गातल्या आणखी दोघी, त्यांच्याही डोक्यावर तेच. माझं डोकं सणकलं. असं आहे होय! पोरींना राबवून म्हशी पोसायच्या!

त्याच आठवड्यात ग्रामसभा होती. "शाळेच्या आडून लहान मुलींकडून वैरण वाहून घेतली जाते," मी उभी राहून म्हणाले. नाव घेतलं नाही, पण सगळ्या माना आक्कांकडं वळल्या. त्यांनी पदर सारखा केला, "बरं झालं की, कळलं," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या फाटकाला कुलूप होतं आणि माझ्या दारात ती मुलगी, कडेवर भाऊ. त्यानं भोकाड पसरलं. दहा मिनिटांत ती गेली, ती पुन्हा आलीच नाही. त्या दोघींचंही तेच.

चौथ्या दिवशी मी फडावर गेले. तिच्या आईनं कोयता थांबवला नाही.

"आक्कानं गोठ्यात झोळी बांधली हुती, बाई. पोरी शाळंत असल्या की लेकरं आक्काच बघायच्या. पेंडी आमीच धाडीत होतो. फुकट कुनाच्या दारी लेकरू ठेवीत नसतेत." मग पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमाला इचारायला काय झालं हुतं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच आक्कांकडं गेले. त्या धार काढत होत्या.

"चुकलं माझं, आक्का."

"चुकलं म्हटल्यावर म्हशीचं प्वाट भरतंय व्हय? हात हलवत आलायसा की."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाढ्याची पेंडी डोक्यावर घेऊन मी भर गावातून गेले. वाढ्याच्या पात्यांनी मानेवर ओरखडे उठले. मंडळाच्या पोरांनी फोटो काढलेच. मागं फडावरून बोलावून आणलेली ती मुलगी, कडेवर भाऊ. आक्कांनी फाटकाबाहेरच पेंडी उतरवून घेतली, सोडली, हात घालून खालीवर केली.

"कुणाच्या फडातलं उचाललंसा?"

"विकत घेतलंय."

"पावती हाय?"

त्यांनी बाळाला उचलून घेतलं आणि मुलीला म्हणाल्या, "पळ, शाळा बुडाली तुजी." माझ्यासमोर फाटक लावून घेतलं.

त्या दोघीही परत आल्या; हंगाम संपेपर्यंत तिघींचा एक दिवस चुकला नाही. मीही रोज पेंडी नेत राहिले. आक्का ती फाटकाबाहेरच घ्यायच्या, सोडून बघायच्या आणि मगच आत न्यायच्या.