विंचूवीर आणि आमचे साडू

आमच्या थोरल्या साडूंनी बारा सिनेमे काढले, आणि त्यांतल्या एकाचीही गोष्ट, सिनेमा संपेपर्यंत, खुद्द त्यांना ठाऊक नव्हती. असा निर्धास्त माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. हर्सूलला कराटे शिकवण्यात त्यांची हयात गेली. क्लासला येणाऱ्यांपैकी जो त्या रविवारी मोकळा असेल, तो त्यांचा नट. नायक मात्र कायमचा एकच, विंचूवीर. काळा ट्रॅकसूट, तोंडावर मुखवटा, छातीवर लाल रेक्झिनचा विंचू, पाठीवर दिवाणखान्याचा जुना पडदा. हा पोशाख शिवणारे शहागंजचे टेलरचाचा हेच सगळ्या सिनेमांतले खलनायक, कारण दाढी त्यांची स्वतःची होती. मी एकदा विचारलं, "साडूभाऊ, आधी थोडं लिहून का काढत नाही?" तर म्हणाले, "पाव्हणं, लिवलेली लाथ कुणाला लागत नाय." एका सिनेमात मध्येच म्हशी आल्या, तर त्यांनी त्या खलनायकाची फौज म्हणून ठेवून दिल्या. लोकांना तोच प्रसंग सगळ्यांत जास्त आवडला.

बाराव्या सिनेमाची शेवटची हाणामारी हर्सूल तलावाच्या काठावर होती. विंचूवीर झालेला कंपनीतला कामगार रिक्षाच्या टपावरून झेपावला आणि मनगट मोडून बसला. त्याला दवाखान्यात पाठवल्यावर सगळे सामान आवरू लागले. साडू दगडावर बसून राहिले. पुढं काय, हे त्यांना सुचलं नाही, असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. सिनेमा बुडाल्यातच जमा होता.

तेवढ्यात माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, पिठलं-भाकरीचा डबा बाजूला ठेवून उठली. आम्ही तिला अक्का म्हणतो. इतकी वर्षं युनिटचा स्वयंपाक आणि त्या पडद्याची धुलाई तिच्याकडेच. म्हणाली, "आणा तो ड्रेस. मी करते."

"अगं, लागंल तुला!"

"बारा सिनेमे बघतेय. एकेक लाथ पाठ हाय मला."

टेलरचाचा घाबरून म्हणाले, "भाभी, जरा आहिस्ता. मेरेकू शुगर है."

अक्कानं आहिस्ता मारली नाही. चाचा थेट चिखलात. साडू "कट" म्हणायचंच विसरले. मग मीच शंका काढली, की सहा फुटी विंचूवीर एकाएकी पाच फुटी कसा झाला? साडू तत्काळ उत्तरले, "विंचू कात टाकतो, पाव्हणं!" शेवटी मुखवटा काढायचा की नाही, यावर खल झाला. राहू द्यावा, लोक हसतील, असं मी म्हणालो. आज त्याची लाज वाटते. साडू तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "काढ. दिसू दे कोण हाय ते."

सिनेमा पहिल्यांदा दाखवला सोयगावला, एका मंगल कार्यालयात, रविवारी दुपारी. अक्का कोपऱ्यात पदर चावत बसलेली. पडद्यावर मुखवटा निघाला, घामानं फिसकटलेलं कुंकू दिसलं आणि आता लोक हसणार, म्हणून मी मान खाली घातली. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं ओरडली, "अगं बया! ही तर बाई हाय! हाण त्याला, हाण!" आणि जो गलका उठला, त्यात छपराचे पत्रे थरथरले. जन्मात कधी शिट्टी न मारलेला मी, दोन बोटं तोंडात घालून उभा राहिलो.

साडू मात्र पडद्याकडे बघतच नव्हते, कोपऱ्याकडे बघत होते. गलका ओसरल्यावर हळूच म्हणाले, "तिला आधीच इच्चारायला पायजे होतं, पाव्हणं. आता दोघांचेबी गुडघे गेले."

आम्ही बाहेर आलो, तर अंगणात बायकांचा गराडा पडलेला. मधोमध अक्का, एका हातानं खांब धरून, दुसऱ्या हातानं साडी सावरत, लाथ कशी उचलायची ते दाखवत होती.