फ्राउ लांगचा ट्रक आणि श्रीधरची अंघोळ

श्रीधर गेला. आता आमच्या विद्यार्थीदशेतल्या त्या खोलीतला मी एकटाच उरलो.

दुपारी डार्मश्टाटहून त्याच्या मुलाचा फोन आला. पोराला मराठी कळतं, पण बोलताना गाडी जर्मन-इंग्लिशवरच जाते.
"काका, क्रेमेशनचा टेर्मिन अजून मिळाला नाही. नेक्स्ट वीक, मे बी."

जर्मनीत मेल्यावरही अपॉइंटमेंट लागते. श्रीधर असता तर "गेनाऊ!", अगदी बरोबर, म्हणून खो खो हसला असता.

मला हसू आलं नाही. या वयात असे इतके फोन येतात की नुसती रिंग वाजली तरी दमायला होतं.

तरी लिहितोय. कारण हे सांगणारं दुसरं कोणी आता शिल्लक नाही.

बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट. आम्ही दोघं डार्मश्टाटला शिकत होतो. तो मेकॅनिकल, मी केमिस्ट्री.
दोघांत एक खोली. खाली अंगणात घरमालकिणीचा म्हातारा ट्रक.

मालकीण म्हणजे फ्राउ लांग. नवरा युद्धावर गेला तो परतलाच नाही. त्याच्यामागे बाई त्याच ट्रकमधून घरोघरी बटाटे आणि कोळसा पोचवायची. स्वतः चालवायची.

त्या ऑक्टोबरात ट्रक एका बाजूला ओढायला लागला. खड्डा आला की पुढून ठणठण आवाज.
श्रीधर खाली घुसून बघून आला. पुढचं चाक धरून ठेवणारा कंट्रोल आर्म वाकला होता आणि त्याचे रबरी बुश पार फाटले होते.

गॅरेजवाल्यांना इतक्यात वेळ नव्हता. बाईचा बटाट्याचा मोसम मात्र तोच.
"मी करतो," श्रीधर म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. नसत्या उठाठेवी ही त्याची जुनी खोड.

भंगारातून धड आर्म शोधून आणला. नवे बुश मिळवले. ट्रक जॅकने उचलून लाकडी ठोकळ्यांवर टेकवला, चाक काढलं, जुना आर्म सोडवला.

आणि तार आली.

साताऱ्याला त्याची आई गेली होती. तार आमच्या हातात पडेपर्यंत तिकडे सगळं उरकलंही होतं.
विमान आमच्यासारख्यांसाठी नव्हतंच. बोटीने निघाला असता तर दहावं-तेरावं समुद्रातच गेलं असतं.

आपल्याकडे अशी बातमी आली की माणूस आधी डोक्यावरून अंघोळ करतो. मग लोक येऊन बसतात. शेजारचे पिठलं-भात आणतात.
इथे येऊन बसायला मी एकटा. आणि बाकीची रीत मला येत नव्हती. अंघोळ तेवढी ठाऊक होती.

पण त्या घरात अंघोळ शनिवारी. न्हाणीघरातला कोळशाचा बंब आठवड्यातून एकदाच पेटायचा. त्या दिवशी बुधवार होता.

मी खाली जाऊन मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये फ्राउ लांगला सांगितलं. त्याची आई वारली. आमच्यात लगेच अंघोळ करावी लागते.
बाईने लगेच कोळशाची बादली उचलली आणि बंब पेटवायला गेली.

"श्री, पाणी तापतंय. चल."
"नंतर."
"अरे, आई गेली तुझी!"
"वाचलंय मी. ट्रक उघडा पडलाय."

पाना घेऊन तो अंगणात निघून गेला.

मी मागोमाग. बुश साबणाच्या पाण्याने ओले करून त्याने आर्ममध्ये बसवले. आर्म जागेवर चढवला. मी खालून धरला, त्याने बोल्ट घातले. हात त्याचे रोजच्यासारखेच चालत होते, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

शेवटी मी चिडलो. "तुला काहीच वाटत नाही का रे?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला,
"अंघोळ केली की ती गेली. अजून मी केलेली नाही."

मी चाक गडगडवत त्याच्यापुढे आणलं.

चाक बसवलं.
"बोल्ट आवळून टाक ना आता," मी म्हणालो. मला ते संपायला हवं होतं.
"असे नाही आवळायचे. गाडी लटकलेली असताना आवळले तर रबर पिळलं जातं, लवकर फाटतं. आधी वजन चाकावर येऊ दे."

ठोकळे काढले. ट्रक खाली उतरवला. दोघांनी ढकलून थोडा पुढे-मागे केला.
मग तो शेवटचं आवळायला खाली सरकला. बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते.

पान्याचा आवाज आला. थांबला.
मग बूट हलायला लागले. आणि खालून असा आवाज आला, जो मी श्रीधरचा कधीच ऐकला नव्हता.

मी वाकणार, इतक्यात मागून फ्राउ लांगने माझी बाही धरली.
"लास इन," ती हळूच म्हणाली. राहू दे त्याला.

नवऱ्यासाठी नेमकं कुठल्या दिवशी रडायचं, हे त्या बाईला कधी कोणी कळवलंच नव्हतं.
आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. अंधार पडेपर्यंत.

तो बाहेर आला तेव्हा तोंडावर ग्रीस आणि डोळे सुजलेले.
"पाणी आहे का रे अजून गरम?"

बाई दुपारपासून मधूनमधून आत जाऊन बंबात कोळसा घालत होती.
"आहे," मी म्हणालो.

त्याने आतून कडी लावली. डोक्यावर पाणी ओतल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मग बराच वेळ.
बाहेर फ्राउ लांग रडत होती. मीही.

आज माझी सून दोनदा खोलीत डोकावून गेली.
"अहो बाबा, गीझर कधीचा लावलाय."

मी अजून उठलेलो नाही.

एवढं पोस्ट करतो आणि उठतो.
श्री, नमस्कार रे.