सातचे तीन

अख्ख्या वऱ्हाडात, सांगितलेला पहिला भाव आयुष्यात एकदाही न दिलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझे साडू. ते अकोल्यास फौजदारी वकील, मी अमरावतीस. आमच्याकडे उतरले की बाजाराची पिशवी तेच उचलीत. माळणीने वांग्यांचा भाव सांगितला की हे निम्मा सांगत. ती नाही म्हणाली की छत्री काखेत मारून चालू लागत आणि "घेऊन जा जी बाप्पा" अशी हाक येईपर्यंत मागे वळत नसत. हाक येतेच, असा त्यांचा सिद्धान्त. न्हाव्याशी त्यांचा सौदा अर्धी दाढी झाल्यावर सुरू होई. स्वतःच्या लग्नाचा मुहूर्तही त्यांनी भटजींशी घासाघीस करून पाव तास अलीकडे आणला होता. मी तिथे हजर होतो, म्हणून लिहितो.

पुढे त्यांच्याकडे अकोटकडच्या एका माळ्याचा खटला आला. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्याने चुलतभावाच्या डोक्यात फावड्याचा दांडा घातला आणि तो मेला. खुनाच्या कलमाला शिक्षा दोनच, फाशी नाहीतर जन्मठेप, म्हणजे काळे पाणी. त्याखाली न्यायाधीशालाही उतरता येत नाही. मनुष्यवधाचे हलके कलम लागले तर मात्र वर्षे कमी करता येतात. असा सौदा कायद्यात लिहिलेला नाही, पण वकिलांच्या खोलीत होत असे. सरकारी वकील म्हणाले, गुन्हा कबूल करा, मी हलक्या कलमावर थांबतो, सात वर्षांवर मिटेल.

साडूंनी हे तुरुंगात जाऊन माळ्याला सांगितले. तो म्हणाला, "घ्या ना जी सात. मारलं त मीच हाये. पोरगी तीन वर्साची हाये, तिच्या लग्नापावतर येईन वापस."

"अबे, सात हा त्याचा पयला भाव हाये," साडू म्हणाले. "तू गप राय."

त्यांनी तीन मागितली. सरकारी वकील पाचापर्यंत उतरले. साडूंनी पुन्हा तीनच सांगितली, छत्री काखेत मारली आणि बाहेर पडले. व्हरांडा संपला, पायऱ्या संपल्या, हाक आली नाही. दुसऱ्या दिवशी ते पाच कबूल करायला स्वतः गेले, तेव्हा खटला खुनाच्याच कलमाखाली चालवायचे ठरून गेले होते. साक्षीदारांनी घाव दोन सांगितले, तेव्हा हलक्या कलमाची आशाही गेली. न्यायाधीशांनी दोन शिक्षांतली लहान दिली आणि याहून कमी माझ्या हातात नाही, असे बोलूनही दाखवले.

निकालाच्या दिवशी मी अकोल्यात होतो. कोर्टाबाहेर माळ्याची बायको पोरीला कडेवर घेऊन उभी होती. साडूंनी घेतलेली सगळी फी, पंचेचाळीस रुपये, तिच्या हातावर ठेवली.

तिने विचारले, "जल्मठेप म्हंजे किती वर्स जी?"

"वीस."

ती त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. मग तिने रुपये पदराच्या गाठीला बांधले, पोरीला सावरले आणि अकोटच्या रस्त्याला लागली.